आईचं जनुक आणि आपला एलडीएल

मागच्या अंकात विस्मरणावर लेख आला, त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत दोन धास्ती पुन्हा पुन्हा दिसल्या. 'आईला झालं, म्हणजे मलाही होणार का?' आणि 'कोलेस्टेरॉल कमी करायच्या नादात मेंदूचंच नुकसान होतंय का?' त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. नावं वगळून फक्त राहण्याचा भाग दिला आहे.

माझं वय ४७. आईला ७४व्या वर्षी अल्झायमर्सचं निदान झालं, मावशीलाही तेच. आमच्या कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये लाळेवरून जनुकं तपासायचं पॅकेज सवलतीत मिळतंय. करून घेऊ का?
— घोडबंदर रोड, ठाणे

आमचं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. त्याऐवजी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड) आणि बी१२ एवढं करून घ्या आणि घरी दंडाला बांधायचं एक चांगलं बीपीचं मशीन आणा.

अल्झायमर्सशी संबंधित जनुकांचे दोन अगदी वेगळे गट आहेत आणि लोकांच्या मनात त्यांची सरमिसळ होते. पहिल्या गटात तीन जनुकं येतात: २१व्या गुणसूत्रावरचं एपीपी, १४व्यावरचं प्रीसेनिलिन-१ आणि पहिल्यावरचं प्रीसेनिलिन-२. यातल्या एकातला दोष आई किंवा वडिलांकडून आला, तर आजार जवळपास ठरलेलाच असतो. तोही पासष्टीच्या आत, कधी कधी चाळिशीतच सुरू होतो. प्रत्येक मुलात तो दोष उतरण्याची शक्यता निम्मी. पण अशी घराणी फार थोडी, एकूण रुग्णांच्या १ टक्क्याहूनही कमी. तुमच्या आईचा आजार सत्तरी उलटल्यावर सुरू झाला आहे, त्यामुळे तो या गटातला असण्याची शक्यता अगदीच कमी.

दुसऱ्या गटातलं सर्वांत महत्त्वाचं जनुक एपीओई. ते १९व्या गुणसूत्रावर असतं आणि त्याचे मुख्य प्रकार तीन: ई२, ई३ आणि ई४. प्रत्येकाकडे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती असतात. बहुतेकांकडे ई३ची जोडी असते. ई४चा अल्झायमर्सशी असलेला संबंध १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवला. ई३च्या जोडीशी तुलना केली, तर एका ई४मुळे धोका सुमारे तिप्पट होतो, दोन ई४ असतील तर साधारण ८ ते १२ पट. ई२मुळे तो उलट कमी होतो.

हे पटीतले आकडे वाचून घाबरण्याआधी दोन गोष्टी पाहा. ई४ असूनही म्हातारपणी स्मृती शाबूत असलेली माणसं पुष्कळ आहेत आणि ई४ अजिबात नसलेले रुग्णही पुष्कळ. शिवाय हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांमधून आलेले आहेत. जपानी लोकांत ई४चा परिणाम जास्त दिसला, आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी. हरियाणातल्या बल्लभगढच्या गावांत भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला. तिथे ई४चं प्रमाण अमेरिकेतल्या तुलनेच्या गटापेक्षा कमी निघालं, पण ई४ आणि आजार यांचा संबंध तिथेही सापडला. म्हणून पॅकेजच्या रिपोर्टवर 'तुमचा धोका अमुक टक्के' असं दशांशापर्यंत छापून आलं, तरी तो आकडा तुम्हाला जसाच्या तसा लावता येत नाही.

खरा प्रश्न हा, की रिपोर्ट हातात आल्यावर तुम्ही वेगळं काय करणार? ई४ निघालं तर डॉक्टर सांगतील: बीपी, साखर, एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) सांभाळा, चाला, सिगारेट सोडा. नाही निघालं तरी हेच सांगतील. मधल्या मध्ये ई३ची जोडी निघालेला माणूस निर्धास्त होऊन बीपीची गोळी टाळतो आणि ई४ निघालेला किल्ली विसरली तरी रात्रभर जागतो. शिवाय तो रिपोर्ट तुमच्या एकटीचा राहत नाही. भावंडांबद्दल आणि मुलांबद्दलही त्यातून बरंच कळतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

तपासणी योग्य ठरते ती दोन प्रसंगी. घरात लागोपाठच्या पिढ्यांत पासष्टीच्या आत आजार झाला असेल, तर जेनेटिक कौन्सेलरला (आनुवंशिक आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याला) भेटून, आणि तेही तपासणीच्या आधी. दुसरा प्रसंग म्हणजे निदान झालेल्या रुग्णाला लेकानेमॅब किंवा डोनानेमॅबसारखं नवं अँटिबॉडी औषध द्यायचा विचार असेल तेव्हा. ई४च्या दोन प्रती असलेल्यांत या औषधांनी मेंदूला सूज येण्याचं आणि बारीक रक्तस्राव होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं.

वय ५२. एलडीएल १६२ आला म्हणून डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन १० सुरू केली. मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो आणि या गोळीने स्मृती जाते, असा मेसेज आमच्या ग्रुपवर फिरतोय. मलाही हल्ली नावं आठवत नाहीत. तीन आठवड्यांपासून गोळी बंद केली आहे. बरोबर केलं ना?
— वाशी

गोळी परस्पर बंद करायला नको होती. डॉक्टरांना भेटून पुढचं ठरवा. मेसेजमधलं पहिलं वाक्य मात्र जवळजवळ खरं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी २० ते २५ टक्के मेंदूत असतं. चूक होते ती पुढे. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये जो पडदा आहे, त्यातून रक्तातला एलडीएल आत जात नाही. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आपणच बनवतो. सोसायटीची स्वतःची बोअरवेल असावी आणि महापालिकेची लाइन वेगळी असावी, तसा हा प्रकार आहे. लाइनीचा दाब कमी केला म्हणून बोअरवेल आटत नाही.

मेंदूतलं हे कोलेस्टेरॉल पेशींपर्यंत वाहून नेणारं प्रथिन म्हणजेच एपीओई, म्हणजे वरच्या उत्तरातल्या जनुकाचंच उत्पादन. मेंदूतल्या तारकापेशी ते बनवतात. ई४ प्रकारचं प्रथिन हे वाहतुकीचं काम नीट करत नाही आणि अमायलॉइडचा, म्हणजे अल्झायमर्समध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा, निचराही त्याच्यामुळे मंदावतो. रक्तातही तेच जनुक काम करतं. ई४ असलेल्यांचा एलडीएल सरासरीने थोडा जास्तच असतो. जनुक आणि कोलेस्टेरॉल यांची गाठ इथे पडते.

मग रक्तातल्या एलडीएलचा मेंदूशी संबंध काय? तो रक्तवाहिन्यांतून येतो. चाळिशी-पन्नाशीत वाढलेला एलडीएल मानेतल्या आणि मेंदूतल्या वाहिन्या अरुंद करतो, पक्षाघाताचे बारीक बारीक झटके येऊन जातात आणि अल्झायमर्सची सुरुवात झालेली असेल तर ती लक्षणं लवकर वर येतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया (स्मृती आणि विचारशक्ती ढासळणं) आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या कारणांची यादी १२ वरून १४ वर नेली. त्यात मध्यमवयातला वाढलेला एलडीएल नव्याने घेतला, दुसरं नवं कारण उपचार न केलेली अधू दृष्टी. ही चौदाही कारणं हटवता आली तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे.

आता गोळीबद्दल. रोसुवास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली गोळी. २०,०००हून अधिक लोकांवरच्या ब्रिटनमधल्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'त पाच वर्षं सिम्वास्टॅटिन दिली. ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ लोकांवरच्या 'प्रॉस्पर' चाचणीत तीनेक वर्षं प्रॅव्हास्टॅटिन दिली. दोन्हींत गोळी घेणारे आणि औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणारे यांच्या स्मृतीत फरक पडला नाही. ना बिघडली, ना सुधारली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये विसरभोळेपणाची नोंद या गोळ्यांच्या माहितीपत्रकात घातली, ती क्वचित घडणारी आणि गोळी थांबवल्यावर जाणारी तक्रार म्हणून. त्यामुळे 'स्टॅटिनने अल्झायमर्स टळतो' असं आम्ही म्हणणार नाही. हार्ट अटॅक आणि पक्षाघात कमी होतात हे पक्कं आहे, आणि पक्षाघातानंतर येणारा डिमेन्शिया आपल्याकडे काही थोडा नाही.

तुमच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे टीएसएच बघणं. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल वाढतो आणि विसरायलाही होतं. एकाच कारणाने दोन्ही तक्रारी! अशा माणसाला थायरॉइडची गोळी न देता स्टॅटिन दिली, तर स्नायूही जास्त दुखतात. टीएसएच ठीक असेल आणि नावं विसरणं गोळी सुरू झाल्यानंतरच सुरू झालेलं असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ते काही आठवडे गोळी थांबवून, मग पुन्हा सुरू करून फरक पाहू शकतात किंवा दुसरी स्टॅटिन देऊ शकतात. गोळी पुन्हा सुरू झाली की सहा ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा. रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ४५ टक्के उतरतो, म्हणजे १६२चा ९०च्या आसपास यायला हवा. तेवढा उतरला नाही, तर बहुतेक वेळा गोळ्या चुकलेल्या असतात. आणखी एक. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील, तर हिशेबाने काढलेला एलडीएल चुकीचा येतो. तेव्हा लॅबला 'डायरेक्ट एलडीएल' मागा.

सासूबाई ७१ वर्षांच्या. त्यांना विसरायला होतं म्हणून नणंद रोज दोन मोठे चमचे खोबरेल तेल द्यायला सांगते. मी मात्र घरातलं तूपच बंद केलंय. सासूबाईंचं वजनही उतरलंय. आम्ही शाकाहारी आणि मासे खाणारे असे मिश्र आहोत. मेंदूसाठी नेमकं काय शिजवायचं?
— नौपाडा, ठाणे

खोबरेल तेल देऊ नका. ते सुचवण्यामागची कल्पना अशी, की आजारात मेंदूला साखर वापरता येत नाही, तर त्याला कीटोन, म्हणजे चरबीपासून बनणारं पर्यायी इंधन, पुरवावेत. पण खोबरेल तेलात मुख्य भाग लॉरिक आम्लाचा, त्यातून कीटोन फारसे बनत नाहीत आणि आजारावर उपयोग झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. नुकसान मात्र मोजता येतं. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२ ग्रॅम संपृक्त चरबी असते. एलडीएल वाढलेल्या माणसाला दिवसभराची मुभाच साधारण १३ ते १५ ग्रॅमची. म्हणजे दोन चमच्यांत जवळजवळ दोन दिवसांचा कोटा संपतो.

पण तुम्ही तूप बंद केलंत, तेही सासूबाईंसाठी योग्य नाही. पन्नाशीतल्या माणसाचं पथ्य सत्तरीच्या, वजन उतरत असलेल्या माणसाला लावायचं नसतं. डिमेन्शियाची लक्षणं दिसण्याच्या काही वर्षं आधीपासून वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही आपोआप उतरू लागतात. रिपोर्टमध्ये एलडीएल कमी आला म्हणून अशा वेळी खूश व्हायचं नाही. त्यांच्या भातावर एक चहाचा चमचा तूप घाला, त्यात संपृक्त चरबी जेमतेम ३ ग्रॅम. वरणात डाळ वाढवा, दूध-दही द्या, दर १५ दिवसांनी वजन लिहून ठेवा. आणि डॉक्टरांना आधी दाखवा. आहार त्यानंतर ठरेल.

पथ्याची गरज आहे ती तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना. सुरुवात तेलाच्या हिशेबाने करा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा कॅन संपत असेल, तर दरडोई रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जातं, वर फरसाण, वडापाव आणि हॉटेल वेगळं. तीन लिटरवर आणलंत तर ते २३ ग्रॅमवर येतं. तेवढं पुरेसं आहे. बाटलीतून थेट कढईत ओतू नका. महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅनवर तारीख लिहा आणि रोजचं तेल चमच्याने मोजून घाला. तेल कुठलं? शेंगदाणा, करडई, मोहरी, तीळ, राइस ब्रान, यातली दोन आलटून पालटून चालतील. तळणीचं तेल पुन्हा तळायला वापरू नका. गाळून फोडणीला घ्या आणि एक-दोन दिवसांत संपवा. वनस्पती तूप घरात नको, बेकरीची खारी आणि नानकटाईही कमी करा. देशात ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आली आहे, पण या पदार्थांत संपृक्त चरबी भरपूर राहतेच.

ओल्या खोबऱ्याच्या वाटणाकडे कुणाचं लक्ष जात नाही. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३० ग्रॅम संपृक्त चरबी असते. कालवणाला वाटण निम्मं करा, दाटपणासाठी कांदा जास्त भाजून घाला किंवा थोडी चणाडाळ भाजून वाटा.

मासे खाणाऱ्यांसाठी बांगडा आणि तारली हे पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्त आणि ओमेगा-३ मध्ये सरस. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला राहणाऱ्यांना ते ताजे मिळायला अडचण नाही. आठवड्यातून दोनदा, पण कालवण करून किंवा तव्यावर थोड्या तेलात. रवा लावून तळलेल्या तुकडीत माशापेक्षा तेलाचाच विचार करावा लागतो. शाकाहारींनी जवसाची चटणी खावी, रोज एक-दोन चमचे. जवस भाजून कुटलेलं हवं, अख्खं दाणं तसंच बाहेर पडतं. अक्रोड परवडत असतील तर चार-पाच, नाही तर मूठभर शेंगदाण्यांनीही भागेल. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चालतो असं नव्हे.

एलडीएलवर सगळ्यात ठोस काम करतो तो विरघळणारा चोथा. मटकी, वाल, राजमा, चणे दिवसातून एक वाटी. इसबगोल रोज दोन चहाचे चमचे, भरपूर पाण्यासोबत घेतला, तर एलडीएल काही टक्के उतरतो. तो थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. आणि गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्ध माणसाला इसबगोल अजिबात देऊ नका, घशात फुगून अडकतो.

फळं, भाज्या, डाळी, मासे यांवर भर देणाऱ्या 'माइंड' आहाराची चाचणी अमेरिकेत झाली आणि निकाल २०२३ मध्ये आला. सुमारे ६०० जणांपैकी निम्म्यांना तीन वर्षं तो आहार दिला. नुसतं थोडं कमी खाणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा त्यांची स्मृती काही वेगळी निघाली नाही. तीन वर्षांचा काळ यासाठी तोकडा आहे, हे मान्य. तरीही कुठलाही एक पदार्थ 'मेंदूसाठी' म्हणून विकत घेऊ नका. ताटाचा फायदा हृदय, बीपी, साखर यांच्या वाटेने मेंदूपर्यंत पोचतो, त्याला वर्षं लागतात.

अंड्याचा पिवळा बलक टाकून द्यायचा का?
— ऐरोली

नाही. एका बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण रक्तातला एलडीएल बलकापेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढतो. तब्येत ठीक असलेल्याने रोज एक अख्खं अंडं खायला हरकत नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर आठवड्याला किती हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. बटरमध्ये परतलेल्या बुर्जीतलं बटर आधी काढा.

वडील ६८, शाकाहारी, बारा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू. सहा महिन्यांत विसरभोळे झालेत, पायांना मुंग्या येतात. हा अल्झायमर्सच ना?
— नेरूळ

आधी बी१२ तपासा. शाकाहारी जेवण, बरीच वर्षं मेटफॉर्मिन आणि वर पित्तासाठी पँटोप्रॅझोलसारखी गोळी चालू असेल, तर बी१२ उतरण्याची तिन्ही कारणं एकत्र आली. पायांच्या मुंग्या मधुमेहानेही येतात, म्हणूनच हे निसटतं. हिमोग्लोबिन चांगलं असलं तरी बी१२ कमी असू शकतं. २००च्या खाली आकडा म्हणजे कमतरता. २०० ते ३०० मध्ये असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइल मॅलोनिक आम्लाची तपासणी डॉक्टर सांगतील. महत्त्वाचं हे, की तपासणीसाठी रक्त देण्याआधी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या सुरू करू नका. आकडा वर येतो आणि खरी कमतरता झाकली जाते.

वडील घेतात त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्यांसकट. झोप आणणारी जुनी सर्दीची औषधं, अल्प्राझोलॅम, अमिट्रिप्टिलीन, लघवी रोखण्यासाठीची ऑक्सिब्युटिनिन, यांनी वयस्क माणसाचा गोंधळ चांगलाच वाढतो. साखर वारंवार फार खाली जाते का, तेही पाहा. आणि मध्यंतरी ते पडले असतील, डोक्याला मार लागला असेल आणि त्यानंतर फरक जाणवला असेल, तर थांबू नका, सीटी स्कॅन करा. कवटीखाली साचलेलं रक्त काढलं की माणूस पूर्ववत होऊ शकतो.

हे सगळं ठीक निघालं, तर न्यूरॉलॉजिस्टकडून स्मृतीची रीतसर चाचणी करून घ्या. घरातल्या ज्येष्ठांसाठी मार्गदर्शन हवं असेल, तर सरकारची एल्डरलाइन १४५६७ वर आहे.

वय ५५. उत्सुकतेपोटी तपासणी केली आणि रिपोर्टमध्ये ई४/ई४ आलं. आता काय? मुलांना सांगू का? मुलगा २२चा, मुलगी १७ची.
— खारघर

पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या पाहण्यांनुसार दोन ई४ असलेल्यांपैकी साधारण ३० ते ५५ टक्के लोकांना ८५व्या वर्षापर्यंत अल्झायमर्समुळे स्मृतीचा ठळक त्रास किंवा डिमेन्शिया होतो. धोका मोठा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण उरलेले कितीतरी जण तोवर त्यापासून लांब राहतात, हेही याच आकड्यात आहे. फिनलंडमधल्या 'फिंगर' चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि बीपी-साखर-कोलेस्टेरॉलवर नजर असा एकत्र कार्यक्रम दिला. त्यांची विचारशक्ती तुलनेच्या गटापेक्षा जास्त सुधारली, आणि ई४ असलेल्यांनाही फायदा झाला.

तुमच्यासाठी बीपी पहिलं. वरचा आकडा १३०च्या खाली हवा. घरी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, अर्धा तास आधीपासून चहा नको, लघवी करून या, दंड छातीच्या पातळीत ठेवा, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळ-संध्याकाळ सात दिवसांची वही डॉक्टरांना दाखवा, दवाखान्यातल्या एका आकड्यावर गोळी ठरवू नका. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट माइंड' अभ्यासात वरचा आकडा १२०च्या खाली ठेवलेल्या गटात सौम्य स्मृतिदोषाचं प्रमाण कमी राहिलं. तेवढं खाली आणायचं का, हे डॉक्टर ठरवतील. चक्कर येऊन पडणं परवडणारं नाही.

एलडीएल १००च्या खाली हवा, मधुमेह असेल तर ७०च्या खाली. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला चरबीचा कण) हे आयुष्यात एकदा मोजून घ्या, ते जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असतं आणि ५०च्या वर असेल तर एलडीएलचं लक्ष्य आणखी कडक करावं लागतं. आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चाला. त्यासाठी सेंट्रल पार्कच्या आत जा, सायन-पनवेल हायवेच्या कडेने नको. गाड्यांचा धूरही 'लॅन्सेट'च्या त्या चौदा कारणांत आहे. टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटत असेल, तर कानांची ऑडिओमेट्री करा आणि गरज पडल्यास यंत्र लावा. दुचाकीवर मागे बसलात तरी हेल्मेट घाला. दारू, सिगारेट बंद.

लक्षणं नसताना अमायलॉइडचा स्कॅन किंवा पी-टाऊची (अल्झायमर्सशी संबंधित आणखी एका प्रथिनाची) रक्ततपासणी करायला धावू नका. त्या तपासण्या तक्रारी असलेल्या माणसासाठी आहेत.

मुलांबद्दल. तुमच्याकडे दोन्ही प्रती ई४ आहेत, म्हणजे प्रत्येक मुलाकडे एक ई४ नक्की आहे. ते कळायला त्यांची तपासणी लागत नाही. दुसरी प्रत कुठली, हे त्यांच्या आईवर अवलंबून. मुलीची तपासणी आत्ता करू नका. मुलाला सांगायचं झालं, तर आधी जेनेटिक कौन्सेलरशी बोला आणि मग त्यालाच विचारा, 'तुला हे जाणून घ्यायचंय का?' नाही म्हणाला, तर विषय तिथेच सोडा. लिपिड प्रोफाइल मात्र मुलाने याच वर्षी करावी, मुलीने अठरा पूर्ण झाल्यावर. त्यासाठी जनुकाचं कारण सांगायचीही गरज नाही.